भूतकाळात कायमचं राहायला जायचंय? कोकणपट्टीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किल्ले आणि कातळशिल्पं बघायला येणाऱ्या मंडळींना घेऊन मी वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत हिंडत असतो. दिवसभर चढउतार झाली, रात्री माशाचं जेवण झालं, ओटीवर पथाऱ्या पडल्या की कोणीतरी विषय काढतंच: टाइम मशीन मिळालं तर कुठल्या काळात राहायला जाल? मग झोपेचं खोबरं. प्रश्न तेच, वाद तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

खेळाच्या अटी तीन. यंत्र चालतं असं धरायचं. जायचं ते राहायला, चार दिवसांच्या सहलीला नव्हे. आणि तिकडे आपण कोणाच्या घरात असू ते आपल्या हातात नाही, ते चिठ्ठी टाकून ठरणार. या तिसऱ्या अटीवर सगळे चिडतात. चिडू देत.

पण हे खरोखर शक्य आहे का?

पुढच्या काळात जाणं शक्य आहे, थोडंथोडं रोज घडतंयही. जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आईनस्टाईनच्या सापेक्षतेप्रमाणे तो हिशेब जुळवला नाही, तर फोनमधला नकाशा तुम्हाला गणपतीपुळ्याऐवजी खाडीत नेऊन सोडेल. (तसा तो अधूनमधून नेतोच, पण त्यात आईनस्टाईनचा दोष नाही.)

मागे जायचं मात्र अवघड. १९४९ मध्ये कुर्ट गोडेलने दाखवून दिलं की आईनस्टाईनच्या समीकरणांतून असंही विश्व निघू शकतं, जिथे पुढे पुढे जात माणूस स्वतःच्याच भूतकाळात पोचेल. आपलं विश्व तसं नाही. स्टीफन हॉकिंगने २८ जून २००९ ला काळप्रवाशांसाठी पार्टी ठेवली आणि आमंत्रणं पाठवली ती पार्टी उरकल्यावर. कोणी फिरकलं नाही. उशिरा बोलावलं म्हणून रुसणारी माणसं आमच्या भावकीतही आहेत, पण सगळ्या भविष्यातून एकानेही येऊ नये?

सगळे शिवकाळ म्हणतात. तोच घ्यावा ना?

सगळे शिवकाळ म्हणतात म्हणजे सगळे राज्याभिषेक म्हणतात. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता, मग आपण का नको? जरूर जा. फक्त छत्री न्या. आपण सांगतो ती ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरची आहे. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे आजच्या कॅलेंडरने १६ जून. जूनच्या मध्यावर रायगडाच्या माथ्यावर कसा पाऊस असतो हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.

पण तो एक दिवस झाला. दुसऱ्या दिवसापासून राहायचंय.

२५ नोव्हेंबर १६६४ ला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं काम चाललं. ते काम मलाही बघायचंय. पायाच्या दगडांत शिसं ओततात कसं, चुन्याचा घाणा दिवसभर फिरतो कसा, चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी लागतं तेव्हा माणसं एकमेकांकडे बघतात कशी. पण हे मी काठावर उभा राहून बघेन. तुमच्या वाट्याला घाण्याचा बैल हाकायचं काम आलं तर तीन वर्षं चुना, पायाच्या भेगांत चुना, जेवणात चुना.

रयतेच्या बाजूने बघितलं तर त्या शतकात यापेक्षा बरी सत्ता कोकणाला मिळाली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावा हवा तर महाराजांची कोकणातल्या अंमलदारांना गेलेली पत्रं वाचा. चिपळूणजवळ दळवटण्याला पागेची छावणी होती. तिथल्या लोकांना बजावलंय की पावसाळ्याची वैरण आताच उधळलीत तर घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून दाणे, लाकूड, भाजी उचलाल आणि लोक म्हणतील याच्यापेक्षा मोगल बरे. त्याच पत्रात रात्री दिवा जळता ठेवू नका असंही आहे, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राज्य उभं करता करता उंदराच्या तोंडातली वातही ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याच्या राज्यात राहायला कोणाला आवडणार नाही?

पण तेच पत्र उलट बाजूने वाचा. शिपायांनी भाजी उचलू नये असं लिहावं लागलं, म्हणजे ते उचलत होते. १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदारालाही भाजीच्या देठाला हात लावू नका अशी ताकीद गेलीच. आणि महाराजांचा हात पोचत नव्हता तिथे जंजिऱ्याचा सिद्दी होता. तो किनाऱ्यावरची गावं लुटायचा, माणसं धरून न्यायचा. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले आणि त्याच वर्षी रायगड पडला. १६७४ मध्ये विशीत पोचलात, तर ते सगळं तुमच्या उमेदीच्या वयातच बघणं आलं.

चिठ्ठीची अट कशाला? मी सरदाराच्याच घरात जाईन.

म्हणूनच अट आहे. ओटीवर गप्पा मारताना एकालाही कूळ व्हायचं नसतं. सगळे सरखेल, सगळे कारभारी, फार तर मावळे.

कोकणात शेतकरी म्हणून पोचलात तर बहुतेक गावांत तुमच्या आणि सरकारच्या मध्ये खोत बसलेला असेल. वरकस जमिनीत तिर्धेल, भातशेतीत अर्धेल, म्हणजे पिकातला तिसरा किंवा निम्मा हिस्सा त्याचा. वर वेठ: त्याच्या शेतावर फुकट राबायचं, त्याचं ओझं वाहायचं. ही पद्धत आदिलशाहीत होती, मराठेशाहीत होती आणि इंग्रजांनी तर ती कागदावर पक्की केली. अलिबागजवळ चरी गावाच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला. करवंदं, मासे, मोळ्या विकून पोटं भरली, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मोर्चाने तिथे थडकले. कायदा झाला तो १९४९ मध्ये.

आणि चिठ्ठी महारवाड्याची निघाली तर? मग शतक कुठलंही घ्या, पाणवठा तुमचा नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतलं गेलं, आणि त्यासाठीही मार खावा लागला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे हा सगळा हिशेब आपल्याच किनाऱ्याचा आहे. ही बाजू सोडून काळ निवडायचा म्हणजे जत्रेत फक्त पालखीच्या पुढच्या दांडीला हात लावायचा.

जेवणाचं काय?

इथे माणसं सर्वात जास्त फसतात. बंदोबस्त करून या.

१५०० च्या आधी गेलात तर मिरची नाही. हिरवी नाही, बेडगी नाही, संकेश्वरी नाही. ती अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांनी आली. तिखटाला काळी मिरी, आलं, पिंपळी. माशाचं कालवण होणार, पण ते पिवळट-पांढरं: नारळ, हळद, मिरी, आमसूल आणि बांगड्याला तिरफळ. चव वाईट नाही. आमच्याकडे एकदा हौसेने करून बघितलं, तेव्हा तिरफळाने आपली बाजू चोख सांभाळली. पण पाहुण्यांपैकी एकाने तिसऱ्या घासाला हळूच लोणच्याची बरणी ओढली.

मिरचीबरोबर काजूही नाही, म्हणजे ओल्या काजूची उसळही नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, पेरू, पपई, अननस, चिकू, सीताफळ काहीच नाही. पाव नाही. उपास करणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावं: साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची असं खिचडीतलं सगळं अमेरिकेतलं. रताळंसुद्धा. एकादशीला वरीचे तांदूळ आणि देवाचं नाव.

भाताच्या देशात जातोय म्हणून रोज भात मिळेल असंही नाही. भात पिकवणारा बहुतेक वेळा नाचणी, वरी, हरीक खायचा आणि भात सारा-खंडात जायचा. पावसाळ्यात ताजी मासळी बंद, मग सुकट, सोडे, खारा बांगडा. कुळीथ मात्र भरवशाचा. पिठी-भात खाऊन वाढलेल्या माणसाला कुठलंही शतक परकं वाटणार नाही. उकडीच्या मोदकांनाही धोका नाही: तांदूळ, नारळ, गूळ, तिन्ही इथलेच.

चहा विसरा. सकाळी उठल्यावर चहा ही सवय कोकणात रुजून पुरती शंभर-सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत. पाहुण्याला गूळ-पाणी. दुसऱ्या दिवशी डोकं दुखेल, तिसऱ्या दिवशी उतरेल.

हापूस कधीपासून मिळेल?

पोर्तुगिजांनी कलमं बांधायला सुरुवात केल्यावर, म्हणजे सोळाव्या शतकानंतर. त्याआधी रायवळ. रायवळ चोखून खायला ज्याला येत नाही त्याने भूतकाळात जाऊच नये.

तब्येतीचं काय? आधी लशी घेऊन गेलं तर?

घेता येतील त्या घ्या: धनुर्वात, कावीळ, टायफॉइड. पण ज्या एका रोगाने गावंच्या गावं ओस पाडली, त्या देवीची लस आता सर्वसामान्य माणसाला मिळत नाही. भारतातून देवी १९७५ मध्ये गेली, मग टोचणंही थांबलं. तुमच्या आईवडिलांच्या दंडावर तो गोल व्रण असेल, तुमच्या नाही. म्हणजे १७५० च्या दाभोळात तुम्ही तिथल्या दहा वर्षांच्या पोरापेक्षा कच्चे. त्याला एकदा देवी येऊन गेलेल्या असतील आणि तो जगलेला असेल. मुंबईत देवीची पहिली लस टोचली गेली ती १८०२ मध्ये.

लहान मूल बरोबर नेणार असाल तर जाऊ नका. यावर चर्चा नाही.

आता विंचू. कोकणातला लाल विंचू. पूर्वी तो चावला की माणूस घामाने भिजायचा, अंग गार पडायचं, छातीत पाणी भरायचं आणि गाव मांत्रिकाला बोलवायचं. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हाही दंशाचे गंभीर रुग्ण असेच जात होते. त्यांनी रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून विष हृदयावर काय करतं याच्या नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी यावर वापरलं. शंभरातले चाळीस दगावायचे तिथे एखादा दगावू लागला. राजे-महाराजांचे काळ धुंडाळणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण भाताचा भारा उचलताना हात कुठे घालायचा याची भीती कमी झाली ती १९८० च्या दशकात. सातवाहनांपासून तोवर सगळी शतकं सारखीच.

प्राझोसिनच्या गोळ्या नेता येतील का? न्या. संपल्यावर काय, हा प्रश्न आहेच. आणि तुमच्या अंगावरचे रोग त्यांना देऊ नका. सर्दी झाली असेल तर निघणं पुढे ढकला.

बाई म्हणून कुठला काळ चांगला?

जितका अलीकडचा तितका.

मागे जात जात बघा. लग्न आठ-दहाव्या वर्षी, बाळंतपण सुईणीच्या हाती, नवरा गेला तर काही जातींत केशवपन, आणि पुढचं आयुष्य मागच्या पडवीत. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा आला, पण कायदा आला म्हणून गाव आलं नाही. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे लहानपणी विधवा झालेल्या मुलीशी लग्न केलं, तर मुरूडकरांनी ठराव करून त्यांना वाळीत टाकलं. स्वतःच्या आईच्या घरी मुक्काम करायची सोय राहिली नाही. आज त्याच मुरूडात पर्यटक त्यांचा पुतळा बघून समुद्रावर जातात.

पेशवाईचं कौतुक ऐकून त्या काळात जायची इच्छा असलेल्या बायकांनी कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीविक्रीचे कागद आधी वाचावेत.

एक अपवाद मी नेहमी सांगतो: चिठ्ठी कोळीवाड्याची निघाली तर. नवरा दर्यावर, मासळी विकायला बाई, पैसा बाईच्या हातात आणि बाजारात आवाजही तिचाच. कष्ट उपसून पाठ मोडते, पण हिशेब तिचा असतो. कुठल्याही शतकात हे एक घर त्यातल्या त्यात ऐकून घेणारं.

बाकी वारसा हक्क १९५६ मध्ये, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये. आणि सातबाऱ्यावरून नाव कमी करायला बहिणीची सही घ्यायला भाऊ साडी घेऊन येतो, ते आजही चालू आहे. तेव्हा फार मागे जायची गरज नाही.

भाषा समजेल का?

सतराव्या शतकातली बोलणी आठवडाभरात कानात बसतील, त्यातही मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी घरात ऐकलेल्यांना लवकर. ज्ञानेश्वरी १२९० ची. ती तुम्हाला जितकी कळते, तितकंच त्या काळातलं बोलणं कळेल. मोडी शिकून जा, नाहीतर शिकलेले असून अडाणी ठराल.

खरी अडचण वेगळीच. तोंड उघडलंत की समोरचा विचारणार: गाव कुठलं? कोणाचे तुम्ही? कोकणात हे दोन प्रश्न आजही चुकत नाहीत, तेव्हा तर उत्तराशिवाय पाणीही मिळणार नाही. युद्धाचे दिवस असतील तर ज्याला गाव नाही तो हेर. आडनाव ठरवून जा, आणि त्या आडनावाचं कुलदैवत, देवस्कीचा मान, भावकी कुठे कुठे, हे सगळं पाठ करा.

सोबत किमती काय न्यावं?

सोनं सगळीकडे चालतं, आणि सोनं बाळगणारा अनोळखी माणूस फार दिवस चालत नाही. शिवणाच्या सुया न्या, चांगल्या पोलादाच्या. चोरालाही वाटत नाही, घरधनिणीला मात्र हव्या असतात. जर्मनचं पातेलं नेण्याची एक टूम निघाली होती, कारण १८८६ मध्ये ॲल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत सापडण्याआधी युरोपात ते मौल्यवान धातूंत मोजायचे. खरं आहे. पण हर्णैच्या बंदरावर ते कोण ओळखणार? हलकं भांडं म्हणून बाजूला ठेवतील.

उतरायचं कुठे? आणि कुठल्या सालात आलो हे ओळखायचं कसं?

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, उतरा. जांभ्याचा सडा हजारो वर्षांत फारसा हलत नाही. किनाऱ्यावर उतरू नका. खाडीच्या तोंडची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते आणि सोपारा, चौल यांसारखी गलबतांनी गजबजलेली बंदरं गाळाने भरून गेली. वीस हजार वर्षांमागे गेलात तर समुद्रच सुमारे १२० मीटर खाली असेल, किनारा पश्चिमेला कुठच्या कुठे. राजापूर तालुक्यातला देवाचे गोठणेचा सडा मात्र टाळा. तिथल्या कातळात चुंबकत्व आहे, होकायंत्र भलतीकडेच बोट दाखवतं.

साल विचारू नका, वेड्यात काढतील. झाडं बघा. डोंगरउतारावर काजू दिसला तर पोर्तुगीज येऊन गेलेत. किनाऱ्यावर सुरूचं बन असेल, पायवाटेला घाणेरी माजलेली असेल, तर इंग्रज आलेत, एकोणिसावं शतक चालू आहे. घरांवर मंगलोरी कौलं असतील तर १८६५ उलटलंय, कारण मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना तेव्हा निघाला. ऑस्ट्रेलियन बाभूळ दिसली तर यंत्र बिघडलंय, परतीचा रस्ता धरा, एसटी मिळेल.

आणि यातलं काहीच नसेल, गवताची नाहीतर झापांची छपरं, पडवीत टांगलेली मिरीची वेल आणि कुठेच लाल मिरच्या वाळत घातलेल्या नसतील, तर तुम्ही बरेच मागे आला आहात.

व्यापाराचा काळ कसा? चौल, सोपारा?

हा काळ फार कोणी मागत नाही आणि मला नेमका हाच आवडतो. सोपाऱ्याला अशोकाचे शिलालेख सापडले, १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, चौल तिन्ही आहेत. घाट चढून नाणेघाटातून माल जुन्नरला जायचा. दहाव्या शतकात अल मसूदी चौलला आला तेव्हा तिथे अरब-इराणी व्यापाऱ्यांची हजारोंची वस्ती होती, त्यांचा न्यायनिवाडा त्यांच्याच माणसाकडे होता आणि राज्य होतं हिंदू राजाचं.

१४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा विकायला चौलला उतरला. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक उघडे-बोडके फिरतात आणि मी जाईन तिथे पोरंबाळं-माणसं मागे लागतात, गोरा माणूस बघायला. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, धर्म बदल तर देतो म्हणून. मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. परका म्हणून राहणं म्हणजे काय, ते त्याच्याकडून शिकावं. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, बहुतेक पर्यटक पुढून निघून जातात.

कातळशिल्पांच्या काळात जाता येईल?

येईल, पण विचारणार कोणाला? बारसू, उक्षी, कशेळी, कुडोपीच्या सड्यांवरची ही चित्रं सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीपासूनची मानली जातात. कशेळीचा हत्ती १८ मीटरच्या आसपास लांब आहे, जमिनीवर उभं राहून तो पुरता दिसतही नाही. मग कोरणाऱ्याने प्रमाण धरलं कशाने? हे एक बघून यायला मी देवीचाही धोका पत्करेन. (तेव्हा देवी नसाव्यातच, गावं नाहीत तर साथ कसली.) चिठ्ठीची भीती इथे सर्वात कमी: ना खोत, ना वेठ, ना पाणवठ्याचा वाद. फक्त दात दुखला तर दुखतच राहणार.

आंग्र्यांच्या आरमारात भरती व्हायचंय.

कान्होजींच्या काळात व्हा. १७१८ मध्ये इंग्रज खांदेरीवर आपटून परत गेले, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले तरी काही चाललं नाही. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी सगळ्या जातीधर्मांचे खलाशी एका गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, होते. वल्ह्यावर बसायची तयारी ठेवा, हातांचे तळवे सोलून निघतात. कान्होजी १७२९ मध्ये गेले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाजवळ त्यांचे पुत्र तुळाजी यांचं आरमार जळालं, पेशव्यांनीच इंग्रजांशी हात मिळवल्यावर. त्या तारखेच्या आसपास तिथे असू नका.

मग जाऊन ते थांबवता येईल का?

थांबवून बघा. एखाद्या अनोळखी माणसाने येऊन सांगितलं की उद्या तुमची गलबतं जळणार, तर तुळाजी काय करेल असं वाटतं?

हा प्रश्न रेवस-अलिबागकडची माणसं वेगळ्या कारणाने विचारतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. अजूनही त्या बाजूच्या घरांत तो दिवस सांगतात. भाऊच्या धक्क्यावर त्या सकाळी उभं राहून एकाला तरी हाताला धरून मागे ओढलं, तर त्याने इतिहास बिघडतो असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, पण मी ओढेन.

मोबाइल न्यावा का?

रेंज आजही नाही, तेव्हा काय असणार.

आजोबा म्हणतात त्यांचा काळ सर्वात चांगला. खरं का?

पुरुषांसाठी बरंच खरं. साठीचं दशक घ्या. खोती गेलेली, देवी जात आलेली, पेनिसिलिन तालुक्याला मिळतंय. गिरणीत नोकरी, गणपतीला बोटीने गावी. बोट हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण करत जायची. लहान बंदरांत ती लांब उभी राहायची, मग उतारू पडावात उतरवायचे. पेट्या, वळकट्या, पोरं, आणि वर उलटीचा वास. आजोबा वास वगळून सांगतात.

आजीला विचारा. ती गावात भात लावत होती, गुरं सांभाळत होती, सासूचं करत होती, आणि महिन्याला मनिऑर्डरची वाट बघत होती. आजोबा परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गाववाल्यांबरोबर. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. म्हणजे तो काळ अजून पुरता संपलेलाही नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि मनिऑर्डरी आटल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली तेव्हा आणायला मुंबईत तितकं काही उरलं नव्हतं.

तुम्ही स्वतः कुठे जाल?

चिठ्ठी नसेल आणि घर मला निवडता येत असेल तर दहाव्या शतकातल्या चौलला, बऱ्यापैकी मिरी-सुपारीवाल्याच्या पेढीवर. चिठ्ठी असेल तर १९८५ च्या मागे एक पाऊल टाकणार नाही. याला भूतकाळ म्हणत नाहीत, असं मंडळी म्हणतात. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची आहेत, एवढंच मी त्यांना सांगतो.

कुठल्या महिन्यात निघावं?

ज्येष्ठ ते श्रावण अजिबात नको. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, वाटा बंद, आणि घराघरांत कणगीचा तळ दिसत असतो. अशा वेळी एक तोंड वाढलेलं कोणालाच नको असतं. आश्विनात जा, भात कापणीला. तेव्हा माणूस कुठलाही असो, दोन हात हवेच असतात, जेवायला वाढतात आणि चौकशी जरा उशिरा करतात. विळा आपला न्या. त्यांच्याकडे जास्तीचा नसेल.